काहील पलीकडे राहिली

१

शिपायाने व्हरांड्यात रामकिसनचं नाव तीनदा पुकारलं आणि तीनदाही कोणी ओ दिली नाही.

वकील सत्यशीलाने मान वळवून दाराकडे पाहिलं. बीडच्या दिवाणी कोर्टात या म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं खेटे घातले होते, पण तारीख कधी चुकवली नव्हती. कोर्ट उघडायच्या आधीच तो आवारातल्या लिंबाखाली बाकावर बसलेला असायचा. धुतलेलं धोतर, टोपी आणि मांडीवर भाकरीचं फडकं. आज तर त्याची साक्ष होती. इतर तारखांना तो नसता तरी चाललं असतं, आज चालणार नव्हतं.

"एक तारीख मिळावी," ती उभी राहून म्हणाली.

"वादीला शेवटची संधी दिली होती, मॅडम. गैरहजेरीचं कारण काय?"

कारण तिलाच ठाऊक नव्हतं. न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. इतक्या वर्षांचं प्रकरण निकालात निघायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

दावा साधा होता. चौसाळ्याच्या डोंगरात एका सरकारी खात्याने तलाव बांधला आणि तलावाने पलीकडच्या वस्तीचा रस्ता गिळला. मागच्या बाजूची पायवाट दरड कोसळून बुजली. वस्तीवरची घरं एकामागून एक उठून गेली, एकटा रामकिसन राहिला. एका पावसाळ्यात त्याची बायको छबुबाई तापाने फणफणली. तिला अलीकडे आणायला वाट नव्हती, आणि ती तिथेच गेली. खात्याने वस्तीला रस्ता करून द्यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. नुकसानभरपाईचा कागद सत्यशीलाने पुढे केला तेव्हा त्याने तो हाताने बाजूला सारला होता.

फाइल बांधताना तिचं लक्ष समोरच्या बाकाकडे गेलं. तिथे खात्याचा कारकून भगवानराव बसला होता. प्रत्येक तारखेला खात्याकडून हाच हजर असायचा. त्याचा पक्ष आज काहीही न करता जिंकला होता. तरी त्याचा चेहरा असा पांढरा पडला होता, की जणू दावा त्याचाच गेला.

२

दोन दिवसांनी रामकिसन तिच्या ऑफिसात आला. पुतण्या तानाजी त्याला मोटरसायकलवर घेऊन आला होता. तानाजीचं चौसाळ्यात पंक्चरचं दुकान होतं, आणि चुलत्याने वस्ती सोडून आपल्याकडे यावं म्हणून तो कधीचा मागे लागला होता.

"दावा गेला, बाबा," सत्यशीला म्हणाली.

"तानाजी बोलला वाटंनं." म्हातारा खुर्चीच्या कडेवर टेकला. "म्हंजी आता तारीख न्हाई?"

"नाही. महिन्याच्या आत अर्ज करून दावा परत मूळ नंबरावर आणायला, म्हणजे पुन्हा सुरू करून घ्यायला लागेल. त्यासाठी तुम्ही का आला नाहीत ते सांगायला लागेल, आणि कोर्टाला पटायला लागेल. नाहीतर रस्ता कायमचा विसरा."

"काईल पलीकडच्या काठाला व्हती. माज्याकडचा दोर कापलेला व्हता. मंग कसा येऊ?"

रामकिसन गूळ शिजवायच्या जुन्या लोखंडी काहिलीत बसून तलाव ओलांडायचा. काहिलीच्या दोन कड्यांना दोन लांब दोर. एक रस्त्याकडच्या बाभळीला बांधलेला, दुसरा त्याच्या ओसरीच्या खांबाला. ज्या काठाला जायचं तिकडचा दोर ओढायचा. पाहुणा पलीकडे उतरला, की रामकिसन इकडून दोर ओढून रिकामी काहील परत आणायचा. काहील रोज त्याच्याच दारात मुक्कामाला असे.

"म्याडम, म्याच गेलतो बघायला," तानाजी म्हणाला. "काईल रस्त्याच्या काठाला, अन् काकाकडचा दोर तिच्यामागं सगळाच्या सगळा पाण्यात लोंबत व्हता. टोकाला कोयत्यानं कापल्यावानी. म्या पोहत पलीकडं जाऊन नवा दोर जोडला. हे काम त्या बागायतदार अमरसिंहाचं हाय, दुसरं कोण करतंय? रस्ता करायचा तर तलावाचं पाणी उतरवावं लागंल, अन् पाणी उतरलं की त्येच्या मोटारी कोरड्या पडत्यात. दोन माणसं साक्षीला उभी करतो. त्येचा माणूस दोर कापताना बघितला म्हणून सांगतील."

"बघितला का त्यांनी?"

"सांगतील की!"

सत्यशीलाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बघून किल्ली फिरवायला लागला. मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "बाबा, तुमच्या दोराला बैलाची घंटा आहे ना?"

"हाय की. खांबाजवळच बांधली. पलीकडून कुणी काईल वढली की दोर हलतो अन् घंटा वाजती. कुणी आलं तर कळावं म्हणून."

"त्या रात्री वाजली?"

रामकिसनने क्षणभर छताकडे पाहिलं. "न्हाई."

"झोप लागली असेल."

"मला कुठं झोप लागती, वकीलबाई? घंटा वाजली न्हाई म्हंजी न्हाई."

दुसरा कोणी अशील असता तर वाजली म्हणून मोकळा झाला असता. या माणसाला स्वतःच्या फायद्याचंही खोटं बोलता येत नव्हतं. सत्यशीलाला त्याचा राग आला आणि लगेच मायाही आली. पण ते दोघे गेल्यावर तिने फाइलच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. काहील रस्त्याच्या काठाला गेली होती, आणि घंटा वाजली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

३

अमरसिंह तिला हायवेवरच्या स्वतःच्या हॉटेलात भेटला. पांढरे कपडे, तीन मोबाइल आणि सगळ्या जगाला चहा पाजायची सवय.

"बसा ताई. म्हाताऱ्याचं कळलं. वाईट झालं."

"तुम्हाला वाईट का वाटावं? तुमच्या मोटारी वाचल्या."

तो मनमोकळा हसला. "ताई, तुम्ही वकील आन् एवढं न्हाई कळत? दावा चालू होता तवर मी निवांत होतो. कुणी आमदाराकडं गेलं, कलेक्टरकडं गेलं, तरी खातं एकच सांगायचं, प्रकरण कोर्टात हाय, आमाला हात लावता येत न्हाई. आता दावा गेला. उद्या पेपरात बातमी यील, एकट्या म्हाताऱ्यावर अन्याय म्हणून. मंत्री येतील, फोटो काढतील आन् रस्ता मंजूर करून जातील. मला दावा मारायचा असता तर दोर कशाला कापू? मी तर म्हाताऱ्याला तारखेला जायला स्वतःची जीप दिली असती!"

हा माणूस तिला मुळीच आवडत नव्हता. पण त्याच्या बोलण्यात खोट सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त वैताग आला. ती उठली तेव्हा तो सहज म्हणाला, "आदल्या दिवशी खात्याचा तो कारकून तलावाच्या रस्त्याला लागला होता. माझ्या गड्यानं बघितला. त्याला विचारा की."

परत येताना एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते तिने पाहिलं नाही. खात्याचा माणूस, साक्षीच्या आदल्या दिवशी, वादीच्या घरी?

४

भगवानराव लिंबाखालच्या त्याच बाकावर एकटाच बसला होता. शेजारची जागा त्याने मोकळी ठेवली होती. सत्यशीला तिथे बसली तेव्हा तो दचकला.

"तुम्ही तलावावर गेला होता."

त्याने नाकारलं नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वकीलबाई, हे वर कळलं तर माझी पेन्शन अडकवतील. विरुद्ध पक्षाच्या घरी जेवलो मी."

"जेवलात?"

"पिठलं केलं होतं त्यांनी. इतकी वर्षं याच बाकावर आम्ही भाकरी वाटून खाल्ली. आत मी खात्याचा, ते वादी. बाहेर आलो की ते ठेचा काढायचे आन् मी चहा सांगायचो. आमची मंडळी वारल्यापासून माझं बी बोलायला दुसरं ठिकाण कुठं होतं?" त्याने गुडघ्यावरची टोपी उलटीसुलटी केली. "मी रिटायर होतोय. पोरगा पुण्याला नेणार हाय. तारखेला निवांत बोलता यायचं न्हाई, म्हणून निरोप घ्यायला गेलो."

"काय बोललात निघताना?"

"म्हणलं, रामकिसनराव, उद्या तुमची साक्ष झाली की निकाल. मग तुम्हाला बीडला यायचं काम न्हाई आन् मला बी. सुटलो दोघं बी! मी गमतीनं म्हणलं. ते काहीच बोलले न्हाईत."

"मग काहिलीतून अलीकडे आलात."

"एकटाच. दोर ओढत. काठाला उतरलो, वळून हात केला, त्यांनी बी केला. ओसरीत उभे होते, दोर हातात धरून. ऊन उतरलं होतं. मी गाडीला किक मारली, जरा पुढं गेलो, परत बघितलं. काहील माझ्याच काठाला होती. म्हणलं, म्हातारं माणूस, दमानं ओढतील."

सत्यशीला उठली आणि न बोलता चालायला लागली. भगवानराव मागून काहीतरी विचारत होता, पण ते तिला ऐकू गेलं नाही. तिला आता फक्त एक गोष्ट डोळ्यांनी पाहायची होती, आणि ती दिसू नये असं मनापासून वाटत होतं.

५

तानाजीने जोडलेल्या नव्या दोराने सत्यशीला तलाव ओलांडून आली. काहील गोल गोल फिरत होती आणि ती दोर घट्ट धरून ओढत होती. समोरच्या काठावर पडकी घरं, त्यांच्यामध्ये एकच सारवलेली ओसरी. रामकिसन हात द्यायला पाण्यात उतरून उभा होता.

ती आधी खांबाजवळ गेली. खांबाला जुन्या दोराचा वीतभर तुकडा अजून तसाच होता, त्याचं टोक स्वच्छ कापलेलं. घंटा मात्र तिथे नव्हती. घंटा आत, छबुबाईच्या फोटोशेजारी खुंटीला टांगलेली होती. तिच्यावर धूळ नव्हती.

"बाबा, बसा," ती म्हणाली. म्हातारा बसला.

"दोर कोणी कापला ते मला कळलंय. भगवानराव गेले तेव्हा काहील रस्त्याच्या काठाला होती. तुम्ही म्हणता घंटा वाजली नाही, आणि तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही काहील परत ओढून आणली असती, आणि मग पलीकडून कोणी ती पळवली असती, तर घंटा वाजली असती. म्हणजे काहील त्या संध्याकाळी परत आलीच नाही."

रामकिसन जमिनीकडे पाहत होता.

"दोर सगळाच्या सगळा काहिलीमागे लोंबत होता. म्हणजे तो पलीकडे कापला नाही, इथे कापला, या खांबाजवळ. पलीकडून कोणी काहिलीत बसून इथे कापायला आला असता तर त्याला तुमचाच दोर ओढत यावं लागलं असतं. तरी घंटा वाजली असती. आणि वैरी पोहत येऊन दोर कापून गेला असता, तरी त्याने आधी घंटा सोडून, पुसून, तुमच्या बायकोच्या फोटोपाशी टांगून ठेवली नसती." तिने खांबावरच्या तुकड्याला बोट लावलं. "या काठावर त्या संध्याकाळी एकच माणूस होता, बाबा."

तलावावरून वारा आला आणि दाराची कडी वाजली. रामकिसनने खुंटीवरच्या घंटेकडे पाहिलं.

"घंटी तिनं बांधलेली व्हती," रामकिसन अखेर म्हणाला. "पाण्यात गेली असती."

"पण कावून?" सत्यशीलाच्या तोंडून तिच्या आजोळची बोली निसटली. "दावा तुमचा, रस्ता तुमचा. कावून कापला?"

"खात्याचे लोक दर टायमाला एक सबब सांगायचे अन् तारीख घेऊन जायाचे. सायेब न्हाईत, फाइल वर गेली, इंजिनेर बदलला. म्या म्हणलं, आपुन एकदा सबब सांगितली तर काय व्हतंय? मिळंल एक तारीख. तुमी म्हणला व्हता, या येळी यायलाच लागतं. पर ते तुमी दर येळीच म्हणता."

हे खरं होतं. सगळेच वकील सगळ्याच अशिलांना दर वेळी तेच सांगतात.

"नुसतं घरी बसला असता."

"अन् कोर्टात काय सांगू? शपथ घ्यावी लागती तिथं. येता आलं न्हाई म्हणायचं तर येता यायला नको व्हतं." त्याने वर पाहिलं. "साक्ष झाली की निकाल. निकाल लागला की तारीख बंद. मंग मला कोण बोलावणार व्हतं, वकीलबाई? तारीख हाय म्हणून म्या दाढी करतो. तारीख हाय म्हणून धोतर धुतो. तिथं माजं नाव घेऊन कुणीतरी हाक मारतंय."

"रस्ता झाला असता ना."

"झाला असता. त्या रस्त्यानं यायला कोण राह्यलंय?"

सत्यशीलाला रडू आलं, आणि ती लपवत बसली नाही. बीडमधल्या तिच्या घरी आई गेल्यापासून ती रोज संध्याकाळी कुलूप उघडून आधी रेडिओ लावत असे, घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. रामकिसनने सगळं ऐकून घेतलं आणि चुलीवर चहा ठेवला.

चहा पिताना तिने त्याला दोन्ही वाटा समजावल्या. तानाजीचे साक्षीदार तयार होते. अमरसिंहाचं नाव घातलं तर कोर्टाला झटकन पटलं असतं आणि तालुक्यात कोणाला वाईटही वाटलं नसतं. खरं सांगितलं, तर कोर्ट हाकलून देण्याचीच शक्यता जास्त.

"न्हाई केलेल्या माणसावर कसं घालायचं?" रामकिसन म्हणाला. "म्या सांगतो खरं. गेला तर गेला."

६

मुदत संपत आली असताना अर्ज सुनावणीला लागला. सरकारी वकील सक्त हरकत घ्यायच्या तयारीने आले होते. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, परत लावून पुन्हा वाचला.

"रामकिसन, दोर कोणी कापला?"

"म्याच, सायेब."

"म्हणजे कोर्टाला सांगायला खोटं कारण तयार केलंत?"

"कारण खोटं नको म्हणून तर दोर कापला, सायेब."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "आणि तारीख कशाला हवी होती?"

म्हाताऱ्याने ओसरीत सांगितलं तेच इथे सांगितलं, हात जोडून, शब्द न बदलता. रोज भावाभावांची भांडणं ऐकून निबर झालेलं ते कोर्ट, पण न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सरकार पक्षाचं म्हणणं?"

सरकारी वकील उठले. मागच्या बाकावरचा भगवानराव त्याच क्षणी पुढे वाकला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. एवढा अधिकार त्याला नव्हता. नोकरीचे थोडेच दिवस उरले होते, तेही त्याने पणाला लावले. वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं, हातातला हरकतीचा कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "योग्य तो हुकूम व्हावा."

दावा मूळ नंबरावर आला. "पण साक्ष आत्ताच होईल," न्यायाधीशांनी बजावलं. "पुढची तारीख मिळणार नाही."

रामकिसन पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली आणि छबुबाई कशी गेली ते पहिल्यापासून सांगितलं. बाहेर आल्यावर लिंबाखाली तिघांनी भाकरी खाल्ली. भगवानरावाने पुण्याचा पत्ता दिला, तो कोणी कधी वापरणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. मग एसटीची वेळ झाली.

निकाल उन्हाळ्यात लागला. खात्याने रस्ता करून द्यावा, असा हुकूम झाला. सत्यशीलाने चौसाळ्याला फोन करून तानाजीला कळवलं, निकालाची नक्कल पाठवली आणि फाइल बांधून कपाटात ठेवली. काम संपलं होतं. पुढच्या रविवारी तिने रेडिओ लावला, चहा केला, आणि चहा तसाच ठेवून एसटी स्टँड गाठला.

तलावाचं पाणी बरंच मागे हटलं होतं. रस्त्याचा अजून पत्ता नव्हता. काहील पलीकडे रामकिसनच्या काठाला उन्हात तापत होती. सत्यशीलाने बाभळीचा दोर हातात घेतला आणि ओढला. काहील जागची हलली, आणि पलीकडे ओसरीत दोराला परत बांधलेली घंटा वाजली.

म्हातारा डोळ्यांवर हात धरून बाहेर आला. दाढी वाढलेली होती.

"वकीलबाई!" तो पाण्यावरून ओरडला. "परत तारीख लागली का?"

"नाही बाबा," ती ओरडली. "अशीच आले!"

त्याने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग तो घाईघाईने आत गेला, बहुतेक चहाचं आधण ठेवायला. काहील हळूहळू तिच्याकडे येत होती, आणि ती काठाला लागेपर्यंत घंटा वाजत राहिली.